रिले लावला, कोडिंग वाढवलं, तरी पॅकेट कमीच: काटोलच्या बगीच्यातला प्रश्न

काटोल_बगीचा

नमस्कार मंडळी. मी नागपुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर काटोल तालुक्यात. बाबांचा संत्र्याचा बगीचा गावातल्या घरापासून सरळ रेषेत सोळाशे मीटरवर आहे. मध्ये नाला, नाल्याच्या काठाने साग आणि बाभळी.

मातीतली ओल मोजायला आठ सेन्सर लावलेत. प्रत्येकावर एसएक्स १२७६ चिपचं लोरा मॉड्यूल (कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ), ८६६ मेगाहर्ट्झ, एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर १० (तो वाढवला की पोच वाढते, पण पॅकेट हवेत जास्त वेळ राहतं), बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, पॅकेट २० बाइटचं. दर दहा मिनिटांनी सगळे जागे होतात, आकडा पाठवतात, झोपतात. गेटवे, म्हणजे सगळे आकडे गोळा करणारं यंत्र, घराच्या स्लॅबवर.

एप्रिलमध्ये तीनच सेन्सर होते तेव्हा एकही पॅकेट चुकत नव्हतं. जूनमध्ये अजून पाच लावले आणि पाऊस सुरू झाला. चोवीस तासांत ११५२ पॅकेट यायला पाहिजेत, आले ७४०. मग नाल्याजवळच्या विहिरीवर मोटरच्या खोलीच्या टिनावर एक मधला नोड, म्हणजे रिले, बसवला. जे पॅकेट ऐकू येईल ते लगेच पुढे ढकलायचं, एवढंच त्याचं काम. दुसऱ्या दिवशी मोजले तर ६९१. म्हटलं कोडिंग कमी पडत असेल. कोडिंग रेट ४/५ वरून ४/८ केला (माहितीच्या चार बिटांमागे पाचऐवजी आठ बिट पाठवायचे), म्हणजे जास्त बिट जोडले तर जास्त चुका दुरुस्त होतील. आले ६१२.

पुस्तकात जे लिहिलंय तेच केलं आणि दोन्ही वेळा उलटंच झालं. आता मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) धरलेला आहे, झाडांना दिलेला पाण्याचा ताण तोडून झालाय, फुलं दिसून राहिली आहेत. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "तीन नंबरची ओल किती?" आणि माझ्याकडे दुपारी दोनचा आकडा असतो. मागच्या वर्षी अंदाजाने पाणी दिलं आणि खालच्या अंगाच्या दोन ओळींत फूल गळालं. या वर्षी तसं होऊ द्यायचं नाही.

रिले काढून टाकू का? एसएफ १२ करू का? की दुसरा कोणता कोड वापरायचा?


गिट्टीखदान_अँटेना

भाऊ, कोड नंतर. आधी अँटेना किती उंचीवर आहे ते सांगा. मी कॅमेरे आणि वायफाय लिंक बसवायची कामं करतो, बहुतेक गाऱ्हाणी उंचीपाशीच येऊन थांबतात.

८६६ मेगाहर्ट्झला सोळाशे मीटरच्या मधोमध फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमधल्या रेषेभोवती लहरींना लागणाऱ्या जागेची) त्रिज्या साधारण १२ मीटर येते. त्यातला साठ टक्के भाग तरी मोकळा पाहिजे, म्हणजे रेषेच्या खाली ७ मीटर. सागाचं झाड त्याच्या कितीतरी वर जातं. एप्रिलमध्ये सागाला पान नसतं, तुमची लिंक उघड्या फांद्यांतून जात होती. आता टोपलीएवढी पानं आहेत आणि वरून ओली. एप्रिलचा हिशेब जुलैत लागू होत नाही.

स्लॅबवर जीआय पाइप उभा करा, निदान सहा मीटर, आणि तीन बाजूंनी तार ताणून बांधा. रिले टिनावर ठेवला असेल तर तोही वर न्या. टिनाला चिकटलेला अँटेना नीट काम करत नाही.


काटोल_बगीचा

धन्यवाद भाऊ. गेटवेचा अँटेना स्लॅबच्या कठड्याला बांधलेला आहे, जमिनीपासून साडेचार मीटर. रिले खरंच टिनाला टेकून होता. पाइप या रविवारी लावतो. पण रिले आल्यावर आकडा कमी का झाला हे अजून कळलं नाही.


जुनी_रेडिओवाली

उंचीचं वर सांगितलंय ते शंभर टक्के खरं, ते आधी कर. मी तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर देते, कारण याच प्रश्नात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. वय झालंय, म्हणून तू म्हणते, राग मानू नको.

तुझा रिले ऐकतो आणि लगेच बोलतो. एकच रेडिओ, एकच वारंवारता. जो बोलतो तो त्या वेळी बहिरा असतो. एक नंबरचं पॅकेट पुढे ढकलताना दोन नंबरचा बोलला तर रिलेला तो ऐकूच येत नाही. त्याहून वाईट म्हणजे घरच्या गेटवेवर रिलेचा आवाज मोठा पडतो, आणि जे दोन नंबरचं पॅकेट कसंबसं थेट पोचणार होतं तेही त्याखाली दबतं. आठही सेन्सर घड्याळाच्या एकाच ठोक्याला जागे होतात म्हणालास. म्हणजे दहा मिनिटं शांतता आणि मग दोन-तीन सेकंदांत आठ जण अधिक रिले, सगळे एकदम. एप्रिलमध्ये तीनच होते, घड्याळं थोडी मागेपुढे असतील, निभावलं.

आता कोडिंग रेटचं बघ. तुझ्याच सेटिंगवर हवेतला वेळ काढला. ४/५ ला एक पॅकेट ३७१ मिलिसेकंद चालतं, ४/८ ला ४९४. प्रत्येक जण एक तृतीयांश जास्त वेळ बोलायला लागला, म्हणजे एकमेकांवर आदळणंही वाढलं. बदल्यात काय मिळालं? लोरातला कोड हॅमिंगच्या (चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या साध्या कोडांच्या) घराण्यातला आहे. ४/५ ला चार बिटांमागे एक परिटी, म्हणजे तपासणीचं जादा बिट, त्याने चूक आहे एवढंच कळतं. ४/७ आणि ४/८ ला एका कोडवर्डमधलं (माहितीचे आणि तपासणीचे बिट मिळून झालेल्या गटातलं) एक चुकलेलं बिट दुरुस्त होतं. पण हे सगळं पॅकेटच्या पोटात. तुझ्या मोडमध्ये हेडर (पॅकेटची माहिती देणारा पुढचा भाग) आधीपासूनच ४/८ ने जातो, आणि त्याच्याही आधीचा प्रिअँबल (पॅकेट येतंय अशी हाक) पकडलाच गेला नाही तर आत किती मजबूत कोड आहे याला काही अर्थ राहत नाही. आलेल्याच नाहीत अशा पॅकेटना तू औषध देऊन राहिलास.

एसएफ १२ नको. तेच पॅकेट १.३ सेकंदांचं होईल. पोच वाढेल, पण आठ जणांच्या गर्दीत तू पुन्हा इथेच येशील.

म्हणून आधी रोग ओळख. गेटवेच्या प्रोग्रॅममध्ये सीआरसी (चूक ओळखायला पॅकेटला जोडलेला तपासणीचा आकडा) चुकलेलं पॅकेट गुपचूप टाकून दिलं जात असेल, बहुतेक तयार लायब्ररी तसंच करतात. ते टाकू नको, मोज. किती पॅकेट आले पण सीआरसी चुकला, आणि किती आलेच नाहीत, असे दोन वेगळे आकडे ठेव. पहिला मोठा असेल तर सिग्नल क्षीण आहे, तिथे कोड कामाला येईल. दुसरा मोठा असेल तर टक्कर नाहीतर सागाची आडकाठी. माझा अंदाज दुसऱ्याचा आहे.

आता रिले कसा वागला पाहिजे. यात एक गोष्ट मी फार महागात शिकले, ती सांगते.

चंद्रपूरकडच्या एका उघड्या कोळशाच्या खाणीत आमची टेलिमेट्री, म्हणजे दुरून रेडिओने आकडे घ्यायची व्यवस्था, होती. खाणीच्या तळाशी सम्प, म्हणजे पावसाचं पाणी जमायचा खड्डा, त्यात पाण्याची पातळी मोजणारं यंत्र. तळातून थेट वर रेडिओ लागत नव्हता, म्हणून मधल्या बेंचवर, म्हणजे खाणीच्या पायरीवर, रिले. पातळी कमी झाली की पंप आपोआप थांबायचा आणि एकदा थांबला की माणसाने हाताने चालू करायचा, अशी रचना. जुलैतल्या एका रात्री पातळी ३.४ मीटर होती. वर कंट्रोल रूमला आकडा आला १.४. पंप थांबला. पहाटे साडेचारला फोन आला. जीपने उतरलो तेव्हा हेडलाइटच्या उजेडात नुसतं पाणी दिसत होतं, मोटर कुठे आहे तेही दिसेना.

दोन दिवस मी लॉग वाचत बसले. आकडे बीसीडीत जायचे, एका अंकाला चार बिट. तीन म्हणजे ००११. एक म्हणजे ०००१. एक बिट उलटलं, बस. पण चेकसम होता की! मग चुकीचा आकडा पकडला कसा गेला नाही? रिलेचा प्रोग्रॅम उघडला तेव्हा कळलं. आलेलं पॅकेट तो तपासतच नव्हता. आकडा उचलायचा, स्वतःचा पत्ता जोडायचा, नवीन चेकसम काढायचा आणि पाठवायचा. तळ ते रिले या टप्प्यात बिट बिघडलं आणि रिलेने त्या बिघडलेल्या आकड्यावर खरेपणाचा शिक्का मारून वर पाठवला. कंट्रोल रूमच्या दृष्टीने पॅकेट निर्दोष होतं.

तो प्रोग्रॅम दुसऱ्याने लिहिला होता, पण चाचणीच्या कागदावर सही माझी होती. चाचणीत आम्ही पॅकेट पोचतं का एवढंच पाहिलं होतं. मुद्दाम बिघडवलेलं पॅकेट देऊन रिले गप्प बसतो का, हे पाहिलं नव्हतं. त्यानंतर एकही रिले मी तसा सोडला नाही.

तर तुझा रिले: आलेल्या पॅकेटचा सीआरसी बरोबर असेल तरच ते ठेवायचं. शंका असेल तर गप्प बसायचं. आणि सेन्सरनेच आकड्याला लावलेला दोन बाइटचा चेकसम पॅकेटच्या आत तसाच घरापर्यंत जाऊ द्यायचा, रिलेने त्याला हात लावायचा नाही.

मग वेळ वाटून दे. एक नंबरला शून्य ते दोन सेकंद, दोन नंबरला दोन ते चार, असे सोळा सेकंदांत आठही. त्या काळात रिले फक्त ऐकेल. सोळाव्या सेकंदानंतर त्याची पाळी. साध्या क्रिस्टलचं घड्याळ २० पीपीएम (दहा लाखांत वीस) चुकत असेल तर दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतं, म्हणून गेटवेकडून दिवसातून दोन-तीनदा वेळ पाठवत जा, नाहीतर आठवड्यात सगळे पुन्हा एकमेकांच्या अंगावर येतील.

आणि आता तू विचारलेला कोड. तो पॅकेटच्या पोटात नको, पॅकेटांच्या मध्ये लाव. रिलेने एक नंबर आणि पाच नंबरचं पॅकेट ऐकलं, तर दोघांचा बिटाला बिट एक्सॉर (दोन बिट वेगळे तर १, सारखे तर ०) करून एकच पॅकेट पाठवायचं. घरी एक नंबरचं आलं, पाचचं हरवलं, तर आलेल्या एक्सॉरचा एक नंबरच्या पॅकेटशी पुन्हा एक्सॉर केला की पाच नंबरचं हातात. पाचचं आलं, एकचं हरवलं, तरी तेच. तीनपैकी कोणतेही दोन पोचले की दोन्ही आकडे मिळतात.

हीसुद्धा परिटीच आहे, लोराच्या ४/५ मधली. तिथे ती नुसती चूक आहे म्हणून सांगते, इथे हरवलेलं परत आणून देते. फरक एवढाच की इथे भोक कुठे पडलंय ते तुला माहीत असतं. पाच नंबरचं पॅकेट नाही, हे तुला दिसतंय. जागा माहीत असली की एक परिटी एक भोक बुजवते. जागा माहीत नसली की तीच परिटी फक्त शंका घेऊ शकते. मला हे नीट उमगलं तेव्हा मी बसमध्ये होते, बुटीबोरी ते सीताबर्डी, आणि उतरायचं विसरून थेट शेवटच्या थांब्यापर्यंत गेले होते.

जोड्या लावताना दुबळ्याला दुबळा जोडू नको. समज दुबळ्या सेन्सरची ३० टक्के पॅकेट हरवतात, चांगल्याची ५, आणि रिलेची ५. दुबळा-चांगला अशी जोडी लावली तर दुबळ्याचं नुकसान ३० वरून ३ टक्क्यांच्या आत येतं. दोन दुबळे एकत्र जोडले तर १० टक्के राहतं. तेच रिले, तेच एक पॅकेट.


एमटेक_चालू_आहे

ताई, फार उपयोगी. मी इथेच नागपुरात को-ऑपरेटिव्ह रिलेइंगवर (नोडांनी एकमेकांची पॅकेट पुढे पोचवण्यावर) सिम्युलेशन करतोय, म्हणून दोन शंका.

एक, तुमच्याच आकड्यांवर. रिलेने एक्सॉर न करता दुबळ्याचीच प्रत पाठवली तर त्याचं नुकसान ०.३ गुणिले ०.०५, म्हणजे दीड टक्का येतं. तीन टक्क्यांपेक्षा ते चांगलं नाही का? पॅकेट दोन्हीकडे एकच खर्च होतं.

दोन, पेपरमध्ये कोडेड को-ऑपरेशन वेगळ्या तऱ्हेने येतं. सेन्सर कोडवर्डचा एक भाग पाठवतो, रिले डीकोड करून उरलेली परिटी पाठवतो आणि रिसीव्हर दोन्ही जोडून एकच लांब कोड सोडवतो. तेच का नको?


जुनी_रेडिओवाली

पहिली शंका बरोबर आहे आणि हिशेबही बरोबर. पण चांगल्या सेन्सरकडेही बघ. फक्त दुबळ्याची प्रत पाठवली तर दुबळ्याचं दीड टक्का आणि चांगल्याचं पाचच्या पाच राहतं, दोघांचं मिळून साडेसहा. एक्सॉरमध्ये दुबळा २.९ आणि चांगला १.७, मिळून ४.६. शिवाय आज कोण दुबळा आहे हे रिलेला कळायची गरज पडत नाही. बगीच्यात हे महत्त्वाचं आहे. आज तीन नंबर दुबळा, उद्या त्याच्यासमोर ट्रॅक्टर उभा केला नाही की तो बरा, आणि सात नंबरवर फांदी ओली होऊन वाकलेली. पण तुला एखादा सेन्सर कायमचा दुबळा आहे हे ठाऊक असेल आणि त्याचाच आकडा जिवाचा असेल, तर सरळ प्रत पाठव. बाबांचा तीन नंबर तसा असू शकतो.

या हिशेबात एक गृहीतक दडलेलं आहे: सगळ्यांचं हरवणं एकमेकांपासून स्वतंत्र आहे. विजांचा पाऊस आला की ते खोटं ठरतं, सगळे एकदम हरवतात. तेव्हा कोणतीही परिटी अपुरी.

दुसरी शंका. तू म्हणतोस तो मार्ग सुंदर आहे. हंटर आणि नोसरातिनिया यांचं काम तू वाचलं असशीलच. पण त्याला रिसीव्हरकडून मऊ माहिती लागते: हे बिट बहुधा १ आहे, खात्री थोडी, ते नक्की ०. तुझ्या सिम्युलेशनमध्ये ती फुकट मिळते. एसएक्स १२७६ तशी काही देत नाही, चिपमधून तयार बाइट बाहेर येतात, बरोबर तरी नाहीतर चुकीचे तरी. दोन अर्धवट कोडवर्ड जोडायला काही हातातच नसतं. मोबाइल नेटवर्कमध्ये ती माहिती असते, म्हणून तिथे पुन्हा पाठवताना तीच प्रत न पाठवता परिटीचे नवे बिट पाठवतात. आपल्याला या चिपवर पॅकेटच्या पातळीवरच खेळायचं आहे.

तुझ्या प्रबंधासाठी एक सांगू? लेनमन, त्से आणि वॉर्नेल यांचा २००४ चा पेपर हातात धरून बस. त्यात माझ्या सम्पची गोष्ट गणितात आहे. रिले बरोबर-चूक न बघता नेहमीच डीकोड करून पुढे पाठवत राहिला तर डायव्हर्सिटी ऑर्डर १ च राहतो, म्हणजे रिले लावूनही सिग्नल वाढवल्यावर चुका पूर्वीच्याच उताराने कमी होतात. रिलेने स्वतःला नीट कळलं तरच बोलायचं, ही एक अट घातली की ऑर्डर २ होतो. सोप्या भाषेत, दहात एक हरवायचं ते शंभरात एक. तो पेपर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी खाण डोळ्यांपुढे आली होती. मी जे चिखलात उभं राहून शिकले ते त्यांनी चार ओळींत मांडलेलं.

तसा तीन टोकांच्या चॅनलचा (पाठवणारा, रिले आणि ऐकणारा) विचार व्हान डर म्युलेन यांनी १९७१ मध्ये मांडला, कव्हर आणि एल गमाल यांनी १९७९ मध्ये त्याच्या क्षमतेची, म्हणजे त्यातून जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते याची, प्रमेयं दिली. साध्या वाटणाऱ्या या रिले चॅनलची नेमकी क्षमता सर्वसाधारण स्थितीत आजही सुटलेली नाही. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हे लिही, परीक्षकांनाही बरं वाटेल.

लेनमन मंडळींच्या त्या पेपरमधली एक कल्पना काटोलच्या मुलासाठी सगळ्यात कामाची आहे, आणि ती मी वर सांगायला विसरले. रिलेने प्रत्येक वेळी बोलायलाच पाहिजे असं नाही. आधी घरच्या गेटवेला विचारू द्या, काय आलं नाही? आठ सेन्सर, आठ बिट, एक बाइट. सोळाव्या सेकंदाला गेटवेने एक बाइट पाठवायचा, जे आलं नाही त्याच्या जागी १. रिलेने तेवढेच परत पाठवायचे. सगळं आलं असेल तर बाइट शून्य आणि रिले झोपला. बॅटरीही वाचते. तो बाइटच रिलेपर्यंत पोचला नाही तर? मग दोन सेकंद थांबून रिलेने चार जोड्यांचे चार एक्सॉर पाठवून द्यायचे. विचारता आलं तर नेमकं द्या, विचारणा हरवली तर कोड द्या.


एमटेक_चालू_आहे

कळलं. हे दोन्ही मिळून सिम्युलेशनमध्ये घालून बघतो. ताई, एक वेगळंच विचारू? हा सगळा विषय वाचताना सगळी नावं बाहेरची येतात, म्हणून आमच्या वर्गात कुणाला तो आपला वाटत नाही. तुम्हाला त्याची गोडी कशी लागली?


जुनी_रेडिओवाली

मी नागपूरच्या सायन्स कॉलेजची, तिथून पुढे इलेक्ट्रॉनिक्सकडे गेले. आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की शरदचंद्र श्रीखंडे याच कॉलेजात शिकले. जन्म सागरचा, १९१७ चा. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला राजचंद्र बोस यांच्याकडे पीएचडी. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी लॅटिन चौकोनांबद्दलचं (प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणारे चौकोन) ऑयलरचं जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचं अनुमान खोटं ठरवलं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांचा कोड कसे रचावेत यावर एक पेपर आहे, हॅडामार्ड मॅट्रिक्स (+१ आणि -१ यांचा एक खास तक्ता) आणि कोडवर्डमधलं अंतर यांच्या नात्यावर, हे फार कमी जणांना माहीत असतं. पुढच्या वर्षी बोस आणि राय-चौधुरी यांचा कोड आला. तोच तुमच्या अभ्यासक्रमातला चुका दुरुस्त करणारा बीसीएच, त्यातले बी आणि सी हे. आणि १९७१ मध्ये नासाच्या मरिनर ९ यानाने मंगळाचे फोटो पाठवले ते ३२ बिटांच्या कोडवर्डमध्ये, सहा बिटांची माहिती आणि सात चुकांपर्यंत दुरुस्ती. तो कोड हॅडामार्ड मॅट्रिक्समधूनच निघतो.

श्रीखंडे २०२० मध्ये गेले, एकशे दोन वर्षांचे होऊन. त्या दिवशी मी कपाटातून जुनी वही काढून त्यांच्या पेपरची उतरवलेली पानं पुन्हा वाचली. झेरॉक्सला पैसे नव्हते म्हणून ती हाताने उतरवलेली होती. तुमच्या वर्गात सांगा.


काटोल_बगीचा

मंडळी, अठरा दिवसांनी लिहितोय, परीक्षा होती. सगळं क्रमाने केलं.

आधी ताईंनी सांगितल्याप्रमाणे नुसतं मोजलं, काहीच न बदलता. एका दिवसात न मिळालेल्या ५४० पैकी सीआरसी चुकलेले फक्त ३७ निघाले. बाकी आलेच नव्हते. मी दोन आठवडे ज्याच्या मागे लागलो होतो तो रोग ३७ पॅकेटचा होता.

मग पाइप उभा केला, रिलेचा अँटेना टिनापासून दोन मीटर वर बांबूला बांधला, कोडिंग परत ४/५ केलं, वेळा वाटून दिल्या. एवढ्यानेच १०५८ वर गेलो, रिले बंद ठेवून. नंतर रिले नव्या पद्धतीने चालू केला: सीआरसी बरोबर तरच ठेवायचं, गेटवेच्या एका बाइटची वाट पाहायची, तो आला नाही तर चार एक्सॉर. मुद्दाम बिघडवलेलं पॅकेटही देऊन पाहिलं ताई, रिले गप्प बसला. बाबांना बोलावून दाखवलं.

परवाचा आकडा ११३९. हरवलेल्या १३ पैकी ११ संध्याकाळी एकाच चाळीस मिनिटांत, तेव्हा इतका विजांचा पाऊस होता की मोटरची खोलीसुद्धा दिसत नव्हती. तुम्ही स्वतंत्र असण्याबद्दल बोलला होतात ते तिथे दिसलं. उरलेले दोन्ही सहा नंबरचे. सहा नंबर उघडला तर अँटेनाच्या जोडात पाणी आणि तांब्यावर हिरवं. साफ करून नुसती काळी टेप गुंडाळली आहे.

तीन नंबरसाठी जोडीऐवजी सरळ प्रत ठेवली. काल बाबांनी त्याचा आकडा बघून वरच्या चार ओळींचं पाणी एक दिवस पुढे ढकललं.


गिट्टीखदान_अँटेना

नुसती काळी टेप दोन पावसांत सुटते भाऊ. आधी रबरी टेप ताणून लावा, खालून वर, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात. त्यावर काळी. आणि केबलला डब्याच्या खाली झोल द्या, पाणी तिथून गळून पडेल, जोडाकडे जाणार नाही. आठही नोडना करा, सहा नंबरलाच नाही.


काटोल_बगीचा

झोल एकालाही दिलेला नव्हता. उद्या सकाळीच आठही करतो, रबरी टेप काटोलला मिळते का बघतो, नाहीतर सीताबर्डीवरून आणतो.